लांब रोटीचा तह

गजभिये काका कचरा टाकायलासुद्धा टाय लावून जायचे. खोटं नाही सांगत. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत सकाळी कोणी बर्म्युडात, कोणी कालच्याच टी-शर्टात, कोणी तोंडात ब्रश धरून कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला ओढत आणायचे. त्यांच्यामधून हा साठीचा, बारीक चणीचा माणूस करडा कोट घालून, बुटांना पॉलिश करून, काळी पिशवी अंगापासून जरा लांब धरून चालत यायचा. मी एकदा म्हणलं, "काका, कचऱ्यानं काय तुम्हाला इंटरव्ह्यूला बोलावलंय का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचे वकीलसाहेब वॉशिंग्टनला इतकी वर्षं राहिले. बिनकोटाचं त्यांना एकाही माणसानं पाहिलं नाही."

हे वकीलसाहेब कोर्टातले नव्हेत. जुन्या मराठीत एका दरबारानं दुसऱ्या दरबारात बोलणी करायला पाठवलेल्या माणसाला वकील म्हणायचे, तसले. एकोणिसाव्या शतकात जपाननं अमेरिकेत धाडलेला एक राजदूत होता, आणि काकांनी उमेदीची सगळी वर्षं त्याच्यापायी घालवली होती. नागपूरहून स्कॉलरशिपवर आले, त्याच्यावर पीएच.डी. केली, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात इतिहास शिकवायला लागले, आणि त्याच्यावरचं पुस्तक लिहीत राहिले. त्याचं जपानी नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही, म्हणून मीही वकीलसाहेबच म्हणायचो. शेवंताकाकू मात्र 'तुमचा तो वकील' म्हणायच्या, आणि तेही सवतीबद्दल बोलावं तशा सुरात.

माझी-त्यांची ओळख इंडियन दुकानात झाली. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून अमेरिकेतल्या कंपन्या आम्हा पोरांना भारतातून भरभरून आणत होत्या, तेव्हाची गोष्ट. मी डाळीच्या पोत्यांपुढे उभा राहून रूममेटला म्हणत होतो, "काऊन बे, अख्खं पोतं घेऊन करतं काय?" मागून आवाज आला, "नागपूर?"

"हो."

"कोणती वस्ती?"

आता नागपुरात ज्याला जे कळायचं ते वस्तीवरून कळतं, आडनावापर्यंत जावं लागत नाही. मी म्हणलं, "इंदोरा." त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, लोणच्यांच्या रॅकपलीकडं कोणी नाही ना ते पाहिलं, आणि कानात सांगावं तसं म्हणाले, "जय भीम." मी दणक्यात ओरडलो, "जय भीम काका!" काउंटरवरच्या बाईनं मान वर केली. काका एवढे दचकले की त्यांच्या हातातली हिंगाची डबी पडली. पुढं दोन वर्षं आमचं हे असंच चाललं. मी जोरात, ते हळू.

त्यांच्या घरी मी गेलो तो काकूंच्या हातच्या जेवणासाठी, हे कबूल केलेलं बरं. काकू नागपुरात शाळेत शिकवायच्या. काकांनी अमेरिकेत यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. सोडायची नव्हती. काका म्हणाले होते, "चल तर खरी. तिथं कोणी काही विचारत नाही." या एका वाक्यावर ती बाई आली. मूलबाळ झालं नाही. इंग्रजी वाचता यायचं, बोलायला मात्र घाबरायच्या. मग दिवसभर करायचं काय? रांधायचं. आणि काय रांधायच्या, बाप्पा! आमच्याकडची लांब रोटी ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून कळायचं नाही. सैलसर कणीक हातावर घेऊन पंजापासून कोपरापर्यंत झुलवत, आपटत ताणायची, रुमालाएवढी करायची, आणि पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद अंथरायची. मडक्याखाली जाळ. आता हर्नडनमध्ये मडकं कुठलं? काकूंनी बागेच्या दुकानातून मातीची मोठी कुंडी आणली, तिचं बुडातलं भोक पिठानं बुजवलं, मागच्या अंगणात गॅसच्या शेगडीवर ती पालथी घातली आणि सुरू! शेजारची गोरी बाई पहिल्यांदा फायर ब्रिगेडला फोन करायला निघाली होती. दुसऱ्यांदा कुंपणावरून ताट पुढं करून उभी राहिली.

आता मंडळाचं सांगतो. नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय? आमच्या भागातल्या मराठी लोकांचं मंडळ होतं. दिवाळी, संक्रांत, पाडवा आणि उन्हाळ्यात एक पिकनिक. शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचा आणि जेवण प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं. कोणी काय आणायचं ते कमिटीतल्या वर्षाताई फोनवर वाटून द्यायच्या. कोणाला बटाट्याची भाजी, कोणाला मसालेभात, कोणाला श्रीखंड. माझ्यासारख्या लग्न न झालेल्या पोरांना चिप्स. बरोबरच आहे, मला चहासुद्धा धड जमत नव्हता. आणि गजभियांना? "काका, तुमच्याकडं नेहमीप्रमाणे पेपर प्लेट्स, नॅपकिन आणि सोडा हं! तुमच्यासारख्या छान प्लेट्स कोणीच आणत नाही."

नेहमीप्रमाणे म्हणजे कायमचंच. मी अमेरिकेत यायच्या कितीतरी आधीपासून गजभिये म्हणजे प्लेट्स. जिच्या रोटीसाठी गोरी बाई कुंपणाला लटकते, तिच्याकडून मंडळाला नॅपकिन!

माझं डोकं फिरलं. "काका, तुम्हाला हे कळत नाही का?"

"कळतं रे."

"मग बोलत काऊन नाही?"

"भांडलो तर म्हणतील, बघा, हे लोक असेच. भांडायचं नाही. बोलणी चालू ठेवायची." आणि मला गाडीत घालून प्लेट्स आणायला घेऊन गेले. तिथं त्यांनी किती वेळ लावला विचारू नका. ही वाकते, ही रश्शानं भिजते, हिच्यावर फुलांची किनार आहे पण रंग उतरेल. शेवटी सगळ्यांत जाड, पांढरीशुभ्र, निळ्या काठाची घेतली. वकीलसाहेबसुद्धा बोलणी करायला जाताना भेटीसाठी आपल्याकडच्या लाखेच्या पेट्या अशाच निवडून न्यायचे, असं गाडीत मला सांगितलं.

त्या वकीलसाहेबांचं काम काय होतं, तेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे काकांचं पुढचं वागणं कळेल. अमेरिकेनं आणि युरोपातल्या लोकांनी जपानकडून दमदाटीनं तह लिहून घेतला होता. गोऱ्या माणसानं जपानात जाऊन गुन्हा केला तर जपानचं कोर्ट त्याला हात लावू शकत नव्हतं. स्वतःच्या बंदरात उतरणाऱ्या मालावर किती जकात लावायची तेही जपानला ठरवता येत नव्हतं. आपल्याच घरात दुय्यम. हा तह बदलून आणा, बरोबरीचा करा, एवढ्यासाठी वकीलसाहेबांना इथं बसवलं होतं. हलक्या दर्जाच्या सामुराईचा मुलगा. आधी कारकून म्हणून आला, मग दुभाषा, मग वकिलातीचा मुख्य. काका हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा व्हायचा. "त्यांनी इथल्या लोकांसारखा कोट शिवला. काट्याचमच्यानं जेवायला शिकले. पार्टीत नाचायलाही शिकले. बरोबरीनं वागवा म्हणाले, तर उत्तर मिळालं, आधी तुमचे कायदे सुधारा. तिकडं कायदे नव्यानं लिहायला घेतले. मग उत्तर मिळालं, आता कोर्टं सुधारा. कोर्टं बदलायला घेतली. मग म्हणाले, आमची काहीच हरकत नाही, पण आधी बाकीच्या देशांचं मत घ्या."

"मग?"

"मग बोलणी चालू राहिली."

काकांचीही बोलणी होती. मंडळाचे अध्यक्ष बर्वे काका. हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. हसतमुख, मदतीला धावणारा. काकांची गाडी बंद पडली तर रोज कॉलेजला सोडायला यायचा. मुलाचा इतिहासाचा पेपर असला की तासन्तास काकांच्या सोफ्यावर बसायचा. फक्त येताना बाहेरून कॉफीचा कप हातात घेऊन यायचा. दरवेळी. काकू विचारायच्या, "चहा टाकू?" तो कप वर करून दाखवायचा, "आत्ताच घेतली वहिनी."

काकांनी त्याच्यापाशी विषय काढला तो असा, की त्याला विषय आहे हेच कळायला दोन भेटी लागल्या असतील. "यंदा आमच्या मंडळींना वाटतंय, काही करून आणावं." बर्वे काका म्हणाले, "अहो वा! पण तुमच्याकडचं तिखट असतं ना फार, मुलं खात नाहीत." काका घरी आले. काकूंनी तिखट निम्म्यावर आणलं. पुढच्या वेळी बर्वे काका म्हणाले, "माझं काही नाही हो, पण काही बायका विचारतात, त्याच भांड्यांत नॉनव्हेज होतं का म्हणून."

त्यानंतरच्या एका रविवारी मी मटणाच्या आशेनं गेलो तर ताटात दुधी. मला वाटलं उपास असेल. पुढच्या रविवारी पडवळ. मी म्हणलं, "काकू, काय झालं? कोणी आजारी आहे का?"

"तुह्या काकाले विचार," काकू म्हणाल्या. "तह चालला आहे. मटण बंद, अंडं बंद. भांडी सारी नवी आणली. जुनी गराजमध्ये नेऊन ठेवली, जशी काही त्यांनीच चोरी केली."

मी काकांवर ओरडलो. खरंच ओरडलो, वय बघितलं नाही. "काका, हे काय चाललंय? आज मटण सोडलं, उद्या म्हणतील नाव बदला! तुमच्या वकीलसाहेबांचं काय झालं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे ना?"

काका शांतपणे दुधी खात होते. "तह बदललाच ना शेवटी."

"त्यांनी बदलला?"

"नाही. त्यांना आधीच परत बोलावलं. कुठल्याशा बंदरावर बदली केली, तिथं आजारी पडले, गेले. सही दुसऱ्यानं केली."

"म्हणजे त्यांच्या तोंडाला पानंच पुसली ना?"

"पण झाला," काका म्हणाले, आणि काकूंकडं बघून आणखी थोडी भाजी मागितली.

वर्षभर ते दोघं मटण-अंड्याशिवाय राहिले. आमच्या नागपूरच्या माणसाला हे म्हणजे काय ते नागपूरच्या माणसालाच कळेल. वर्षानंतर काका सांगायला गेले, की घरात आता काही होत नाही, भांडीसुद्धा वेगळी आहेत. बर्वे काका अगदी भारावले. "अहो, एवढं कशाला केलंत! पण यंदा माझी टर्म संपली बघा. नव्या कमिटीला विचारा."

त्याच सुमारास काकूंचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या घेतल्या. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईनं दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पसरलेला. मी त्या संध्याकाळी गेलो तेव्हा काकू नेहमीसारख्या ओट्यापाशी उभ्या होत्या आणि काका कोट न काढता खुर्चीत बसले होते. मग काकूच म्हणाल्या, "मले एक पायजे. त्या मंडळात एक वेळा माही रोटी ठेवायची आहे. त्या साऱ्यांनी खाल्ली पायजे. बस. बाकी काही नाही."

"शेवंता, तू आता त्याचा..."

"मी नोकरी सोडून आली. तुम्ही म्हणाले होते, तिथं कोणी काही विचारत नाही. नाहीच विचारलं. एकानंही विचारलं नाही, का बाई, तुम्ही काय बनवता म्हणून." काकू रडल्या नाहीत. कणकेला तेलाचा हात लावत होत्या. "तुमच्या त्या वकिलासारखं नका करू. माह्यापाशी टाइम नाही."

काकांना मी घाई करताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नवा अध्यक्ष निखिल, पुण्याचा, माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. काका त्याच्या ऑफिसवर जाऊन थडकले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आजारसुद्धा सांगितला. निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. "काका, ऑफकोर्स! आम्ही असलं काही मानत नाही यार. आमची जनरेशन वेगळी आहे. संक्रांतीला काकूंची रोटी, फायनल." काका घरी आले ते जवळजवळ पळत. मी दारातच होतो. त्यांनी मला मिठी मारली. कोटासकट. "झालं रे," म्हणाले, "झालं." मलाही खरं वाटलं. का वाटू नये? निखिल चांगला पोरगा होता.

संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून काकू अंगणात होत्या. जानेवारीतली व्हर्जिनियाची थंडी, बर्फ कडेला ढकलून ठेवलेला, मधोमध ती पालथी कुंडी आणि समोर स्टुलावर काकू. अंगावर काकांचा जुना ओव्हरकोट, बाह्या कोपराच्या वर खोचलेल्या, कारण रोटी हातावर खेळवायची तर हात उघडाच लागतो. तोपर्यंत त्यांचे हात एवढे बारीक झाले होते की कणीक जड वाटायची. मधूनच थांबायच्या, डोळे मिटायच्या, मग पुन्हा सुरू. मी घड्या घालून टोपलीत रचत होतो. एकेक रोटी पातळ, मऊ, कुठं फाटलेली नाही. काका चौथ्यांदा विचारायला आले, "झाकायला कापड कोणतं घेऊ, पांढरं की निळं?" आणि घरात फोन वाजला.

फोन निखिलचा होता. काका 'हो', 'हो', 'बरोबर' म्हणत राहिले, आणि बाहेर आले तेव्हा पांढरं कापड अजून हातातच होतं. निखिल म्हणाला होता, "काका, एक छोटासा चेंज आहे. कमिटीत डिस्कशन झालं. काही सीनियर लोकांचं जरा हे आहे. तर कोणालाच वाईट वाटायला नको म्हणून आम्ही सगळंच केटरिंग केलं. कोणाच्याच घरचं नाही. सगळ्यांना सेम! तुम्ही प्लेट्स आणाल ना?"

काकांनी काकूंना एवढंच सांगितलं, "सगळ्यांचंच घरचं बंद केलंय. सगळ्यांना एकच नियम. तत्त्व म्हणून ते वाईट नाही."

काकू हातावरची रोटी तशीच धरून बसल्या. मग ती कुंडीवर टाकली. "कणीक उरली आहे, तेवढ्या करून टाकते," म्हणाल्या. आणि उरलेल्या सगळ्या केल्या.

मी म्हणलं मी येत नाही त्या हॉलमध्ये. काका म्हणाले, "चल. प्लेट्सचं ओझं मला एकट्याला होत नाही." ते खरं नव्हतं. हॉलमध्ये केटररचे ट्रे मांडले होते. पनीर, छोले, पुलाव. आणि त्यांच्याच शेजारी चांगलं टेबलक्लॉथ घालून दुसरं टेबल. त्यावर वर्षाताईंच्या गुळपोळ्या, बर्वे काकूंचे तिळाचे लाडू, कोणाच्या वड्या, कोणाचा हलवा. सगळं घरचं. बायका एकमेकींना सांगत होत्या, "अगं, हे काय जेवण थोडंच आहे, हे सणाचं!"

मी निखिलला कोपऱ्यात गाठला. "हे काय आहे बे?"

"यार, तू हे पर्सनली का घेतोस? संक्रांतीला तिळगूळ कसं कॅन्सल करणार?"

माझा हात उठलाच असता. काकांनी मागून येऊन कोपर धरलं. तेवढ्यात बर्वे काकू डबा घेऊन आमच्यापुढं आल्या आणि काकांच्या हातावर लाडू ठेवून हसून म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला!" गोड बोला! त्या माणसाला, ज्यानं उभ्या जन्मात यांच्याशी एक कडू शब्द काढला नव्हता. काका म्हणाले, "धन्यवाद वहिनी," लाडू नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात ठेवला आणि टेबलावरच्या प्लेट्सची चळत सरळ करायला गेले.

घरी आलो तर काकू जाग्याच होत्या, पाठीशी उशा लावून बसलेल्या. "कोणाच्याच घरचं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "कोणाच्याच घरचं नव्हतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काकांनी कोट काढून काकूंच्या पलंगावर ठेवला, आणि खिशातला नॅपकिन खाली पडला. काकूंनी तो उलगडला. लाडू वळून-पालटून पाहिला. थोडासा तोडून तोंडात टाकला. "बर्वीणबाईचा पाक जरासा जास्त झाला," म्हणाल्या. मग काकूंनी मला सांगितलं, "त्या रोट्या फॉइलमध्ये बांधून फ्रीजरमध्ये ठेव बाबू. तू चार खा अन् मग ठेव." मी खाल्ल्या.

नंतर हॉस्पिटल. काका रोज कॉलेज संपवून यायचे, खुर्ची ओढून बसायचे आणि काकूंना वकीलसाहेबांच्या गोष्टी सांगायचे. दुसरं बोलायचं काय, हे त्यांना सुचत नसावं. एक दिवस मी तिथं असताना काकूंनी मध्येच विचारलं, "तुमच्या वकिलाची बायको होती नं इथं?"

"होती. पुढं आली."

"ती काय खात होती? कोणाकडं जायची? तिच्याकडं कोण यायचं?"

काकांनी चष्मा काढला. त्यांना तो माणूस कोणत्या हॉटेलात उतरला, कोणत्या सेक्रेटरीला कोणत्या पार्टीत भेटला, सगळं तोंडपाठ होतं. "कागदपत्रांत नाही ते," शेवटी म्हणाले.

"एवढी वर्षं वाचलं," काकू म्हणाल्या, "आन् बाईनं काय खाल्लं ते नाही माहीत तुमाले." रागावून नव्हत्या बोलल्या. नुसतंच नवल वाटल्यासारखं. काका काकूंच्या चादरीची कड सारखी करत राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी वकीलसाहेबांचं नाव माझ्यासमोर काढलं नाही. पुस्तकाचं विचारलं तर म्हणाले, "राहू दे आता ते."

मार्च लागला आणि काकू गेल्या. फ्युनरल होममध्ये आम्ही मोजकी माणसं बुद्धवंदनेला होतो. लगेचच माझा प्रोजेक्ट नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला हलला. तिथून मी फोन करत राहिलो. आधी काका उचलायचे, मग मशीन, मग तेही बंद. घर विकून कुठं गेले, कोणालाच सांगता आलं नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, वंदना आटोपून परतल्यावर, त्यांच्याच घरात, मंडळाचे लोक भेटायला आले होते तेव्हा.

सगळे आले होते. मंडळाला त्यात नावं ठेवायला जागा नव्हती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून प्रत्येक घरून डबे आले. पिठलं, भात, पोळ्या, वरण. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला जागा उरली नाही. बर्वे काका रडत होते, आणि खोटं रडत नव्हते. निखिल होता, वर्षाताई होत्या. काकूंबद्दल चांगलं बोलत होते. किती शांत, किती साध्या. काका सोफ्यावर बसून ऐकत होते. मग उठले, आत गेले. ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला. जरा वेळानं बाहेर आले ते हातात स्टीलचं ताट घेऊन. ताटात काकूंच्या रोट्या, गरम केलेल्या, एकेकीची नीट घडी घातलेली.

"हे तिनं केलेलं आहे," काका म्हणाले. "शेवटचं. एकेक घास घ्या."

वर्षाताई हळूच म्हणाल्या, "काका, अशा वेळी त्या घरचं काही घेत नाहीत हो."

"सुतक आहे ना," बर्वे काका डोळे पुसत म्हणाले.

"आमच्यात सुतक नसतं," काकांनी सांगितलं. अगदी मऊ आवाजात.

"हो, तुमच्यात नसेल. पण आम्हाला आमचं पाळावं लागतं ना, काका."

काका मान डोलावून ऐकून घेत होते, आणि तरी ताट घेऊन बर्वे काकांपुढं गेले. बर्वे काकांनी हात जोडले. काका थोडे वाकून थांबले, मग पुढच्यापाशी गेले. बर्वे काकूंनी हात जोडले. वर्षाताईंनी जोडले. निखिलनं ताटाकडं पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "काका, मी आत्ताच जेवून आलोय. पुढच्या वेळी नक्की, प्रॉमिस." पुढच्या वेळी! ती बाई काल गेली, आणि हा म्हणतो पुढच्या वेळी. काका त्याच्यापुढंही तेवढाच वेळ थांबले. सबंध खोली फिरले, प्रत्येक खुर्चीपुढं, ताट दोन्ही हातांत धरून.

शेवटी माझ्याजवळ आले. मी अख्खी रोटी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तोंडात कोंबली. मला रडू फुटलं होतं, तरी मी खात राहिलो. मला वाटलं, निदान एकानं तरी. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझं धरत नाही रे," ते म्हणाले. "तू घरचा."

आणि ताट घेऊन ते पुन्हा बर्वे काकांपुढं जाऊन उभे राहिले.